डिझेल गाडी घ्यायची की नाही? हिशोब पैशात नको, लिटरमध्ये मांडा

डिझेल गाडी घ्यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात पंपावर शिरतो. शेजारच्या रांगेतला माणूस टाकी फुल करून जातो, महिनाभर दिसत नाही, आणि आपण आठवड्यातून दोनदा पेट्रोल भरत असतो. मग कुणीतरी सांगतं, "डिझेलचं इंजिन मरत नाही." एवढ्यावर निर्णय झालेला असतो. बाकी फक्त रंग निवडायचा.

पहिली डिझेल गाडी मीही अशीच घेतली आणि चुकलो. गाडीत खोट नव्हती, माझ्या वापरात होती. म्हणून हा लेख गाड्यांच्या तुलनेने सुरू होत नाही, तुमच्या रोजच्या फेऱ्यांपासून सुरू होतो.

पायरी १ : दोन आठवडे फेऱ्यांची वही ठेवा

महिन्याला किती किलोमीटर होतात हे सगळे सांगतात. एका फेरीत किती होतात हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. डिझेलसाठी हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. दोन आठवडे प्रत्येक फेरीच्या तीन गोष्टी लिहा: किती किलोमीटर, निघताना इंजिन गार होतं की गरम, आणि सलग न थांबता मोकळ्या रस्त्यावर किती मिनिटं मिळाली.

याचं कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या डीपीएफमध्ये आहे. हा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. छिद्रं असलेल्या सिरॅमिकच्या नळ्यांमध्ये काजळी साठते, आणि ती वेळोवेळी जाळून टाकावी लागते. याला रीजनरेशन म्हणतात. वेगात सलग गाडी चालली की धूर इतका तापतो की काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढी उष्णता मिळाली नाही तर गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो आणि काजळी जाळतो. हे काम साधारण दहा ते वीस मिनिटं चालतं. तेवढा वेळ गाडी चालू राहिली पाहिजे, आणि इंजिन आधीच गरम असलं पाहिजे.

आता ज्याची रोजची फेरी सहा किलोमीटरची आहे त्याचा विचार करा. इंजिन तापेपर्यंत तो घरी पोचलेला असतो. कॉम्प्युटर रीजनरेशन सुरू करतो, हा चावी काढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही गाड्यांमध्ये जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा सोडलं जातं. त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांजवळून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चक्क वाढते. डिपस्टिकवर ऑइल वर चढलेलं पाहून मी पहिल्यांदा खूश झालो होतो, "बघा, ही गाडी ऑइल खातच नाही!" पुढच्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकद निम्म्यावर आली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, ही गाडी कधी हायवेला नेता का?"

माझा ठोकताळा असा आहे. आठवड्यातून एकदा तरी गरम इंजिनाने वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालवायला मिळत असेल तर डिझेलचा विचार पुढे न्या. मिळत नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही. फक्त फिल्टर साफ करायला म्हणून रविवारी फिरायला जाणारे लोक मी पाहिले आहेत. दोन महिने जातात, मग कंटाळतात.

पायरी २ : हिशोब लिटरमध्ये मांडा

पैशात मांडलेला हिशोब लवकर शिळा होतो. दर बदलतात, सवलती येतात-जातात. सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक खर्चाला आजच्या पेट्रोलच्या एका लिटरच्या दराने भागायचं. मग सगळे आकडे 'पेट्रोलचे लिटर' होतात आणि एकमेकांशेजारी ठेवता येतात.

समजा, एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ किलोमीटरचं ॲव्हरेज देते आणि डिझेल २० चं. कंपनीच्या कागदावरचा आकडा धरू नका. तशीच गाडी वापरणाऱ्याला विचारा. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर पेट्रोल लागेल १,००० लिटर आणि डिझेल ७५० लिटर. डिझेलचा दर पेट्रोलच्या ९० टक्के असेल तर हे ७५० लिटर म्हणजे पेट्रोलच्या हिशोबाने ६७५. वर्षाची बचत ३२५ लिटर.

यातून देखभालीचा जास्तीचा खर्च वजा करा. ऑइल जास्त लागतं आणि ते महाग असतं, डिझेल फिल्टर बदलावा लागतो, बऱ्याच नव्या गाड्यांत ॲडब्लू, म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रावण, भरावं लागतं. हे सगळं वर्षाला ७५ लिटर धरू. उरले २५० लिटर.

डिझेल मॉडेलची जास्तीची किंमत १,२५० लिटरइतकी असेल, तर ती फिटायला बरोबर पाच वर्षं लागतात.

आता एकेक आकडा हलवून बघा, खरी गंमत तिथे आहे. दोन्ही इंधनांचा दर सारखा झाला तर बचत १७५ लिटरवर येते आणि मुदत सात वर्षांच्या पुढे जाते. वापर वर्षाला ७,५०० किलोमीटर असेल तर इंधनाची बचत निम्मी होते, पण देखभाल निम्मी होत नाही, कारण ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी मुदत संपली की बदलावं लागतं. हातात राहतात जेमतेम ८७ लिटर, आणि किंमत फिटायला लागतात चौदा वर्षं! उलट वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याला, देखभाल १२० लिटर धरली तरी, ५३० लिटर वाचतात. त्याची किंमत अडीच वर्षांच्या आत वसूल होते. गाडी तीच आहे, बदलला फक्त तिचा वापर.

मोठ्या दुरुस्तीसाठी एक रकाना रिकामा ठेवा. डीपीएफ किंवा इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांचा) संच बदलायचा खर्च जवळच्या गॅरेजमध्ये आधीच विचारा आणि तोही लिटरमध्ये लिहा. तो ६०० लिटर निघाला तर वरच्या उदाहरणातली जवळजवळ अडीच वर्षांची बचत एका दणक्यात गेली. वॉरंटीच्या आत गाडी विकणाऱ्याने हा रकाना सोडून द्यायला हरकत नाही. दहा वर्षं ठेवणाऱ्याने सोडू नये.

विमा, कर आणि कर्जाचं व्याज हे जास्तीच्या किमतीबरोबर थोडं वाढतंच. पुन्हा विकताना मिळणारी किंमत मात्र दोन्हीकडे झुकू शकते, तिच्याकडे चौथ्या पायरीत येतो.

डिझेलला ॲव्हरेज का मिळतं, हेही थोडक्यात समजून घ्या, म्हणजे ते कधी मिळत नाही ते कळेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १५ ते १८ पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. जास्त दाबामुळे उष्णतेतून जास्त काम निघतं, आणि हवा अडवणारी झडप जवळजवळ उघडीच असल्यामुळे कमी भारावर वाया जाणारी शक्ती वाचते. शिवाय डिझेल जड असतं. एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या ॲव्हरेजचा काही भाग इंजिनाचा नाही, इंधनाच्या वजनाचा आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचं हेच प्रमाण सुमारे २.७ किलो आहे. लिटरमागे लिटर तुलना करून 'डिझेल पर्यावरणाला चांगलं' म्हणणारे हे विसरतात.

आणि शहरातल्या थांब-चाल वाहतुकीत तुलना पेट्रोलशी करून थांबू नका. तिथे हायब्रिड गाडी ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत घेते, जे साधं डिझेल करू शकत नाही. लांबच्या सलग रस्त्यावर हा फायदा आटतो आणि डिझेल पुन्हा पुढे येतं.

पायरी ३ : 'इंजिन मरत नाही' याचा खरा अर्थ

ही म्हण खोटी नाही, जुनी आहे. १९३६ साली मर्सिडीज-बेंझची २६० डी बाजारात आली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं डिझेल इंजिन म्हणजे जाड ओतीव लोखंड, यांत्रिक पंप, कमी फेरे आणि भरपूर धूर. बिघडण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. टॅक्सीवाल्यांनी ही इंजिनं लाखो किलोमीटर पळवली, आणि म्हण तिथूनच आली.

१९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल तंत्र, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल पुरवण्याची पद्धत, प्रवासी गाडीत आलं आणि डिझेलचा स्वभाव बदलला. आवाज कमी झाला, पिकअप वाढला. आज काही गाड्यांच्या इंजेक्टरमध्ये डिझेल २,००० बारपेक्षा जास्त दाबाने येतं. इंजिनाचा मूळ ठोकळा अजूनही दणकटच आहे. पिस्टन, क्रँक, ब्लॉक सहसा दगा देत नाहीत. खर्च होतो तो त्याच्याभोवती लटकलेल्या वस्तूंवर.

सगळ्यात नाजूक इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप. या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, वेगळं ऑइल नसतं. म्हणून डिझेलमध्ये पाणी आलं किंवा चुकून पेट्रोल भरलं गेलं तर पंप कोरडा घासतो, त्याचा लोखंडी कीस पुढे सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. पेट्रोल भरलं गेल्याचं पेट्रोल पंपावरच लक्षात आलं तर चावीसुद्धा फिरवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत इग्निशन चालू करताच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. गाडी ढकलत बाजूला घ्या, टाकी उपसा. उपसण्याचा खर्च आणि पुढच्या नुकसानीचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवतो. हेतू चांगला आहे, प्रदूषण कमी करण्याचा, पण काजळी आणि ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर बसतो. हीसुद्धा छोट्या फेऱ्यांचीच देणगी. साफ करता येतो.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, स्वतः क्वचित बिघडतो, बिघडवला जातो. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात. ऑइल वेळेवर बदललं नाही की आधी टर्बो बोलतो.

बऱ्याच मॅन्युअल गिअरच्या डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) असतं, ते डिझेलचे धक्के गिळतं. क्लच बदलायची वेळ आली की बऱ्याचदा तेही बदलावं लागतं आणि बिल बघून माणूस खाली बसतो. गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग स्वस्त असतात, मात्र जुन्या इंजिनात काढताना तुटले तर काम वाढतं.

एवढं वाचून पेट्रोल साधं-सोपं असतं असं वाटायला लागेल. तेही पूर्ण खरं नाही. नव्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन आलं आहे, काहींत काजळीचा फिल्टरसुद्धा आहे. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन मात्र आजही देखभालीत सगळ्यात स्वस्त पडतं, आणि कमी फिरणाऱ्याला मी तेच सुचवतो.

पायरी ४ : नियम आणि हवामान बघा

गाड्यांच्या धुरावरच्या युरोपीय नियमांना 'युरो' आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत, क्रमांक जितका मोठा तितका नियम कडक. युरो ५ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची परवानगी होती, युरो ६ मध्ये ती ८० वर आली. या एका बदलामुळे ॲडब्लू, म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, प्रवासी गाड्यांत सर्रास दिसू लागलं. शहरंही याच रेषेवर भेद करतात. लंडनने २०१९ पासून प्रदूषण-क्षेत्रात युरो ६ पेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना रोजचं शुल्क लावलं, तर जर्मनीतल्या श्टुटगार्टने त्याच वर्षी युरो ४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली. तुमच्या भागात डिझेलला वयाची किंवा दर्जाची मर्यादा आहे का, ती येऊ घातली आहे का, हे गाडी बघायला जाण्याआधी तपासा. पुन्हा विकतानाची किंमत यावरच ठरते. लांब पल्ल्याच्या, नियम ढिले असलेल्या भागात जुनं डिझेल हातोहात विकलं जातं. बंदीच्या छायेतल्या शहरात तीच गाडी कुणी दारात उभी करू देत नाही.

थंड प्रदेशात आणखी एक बाब. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून तिथे हिवाळी डिझेल वेगळं मिळतं. उन्हाळ्यात भरलेल्या टाकीवर बर्फाळ भागात जाऊ नका. ॲडब्लू उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याच्या टाकीत हीटर असतो. त्याची चिंता गाडीवर सोडा.

पायरी ५ : सेकंड हँड असेल तर हे बघा

मालकाला आधीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं, कारण डिझेलचे आजार गार इंजिनातच बाहेर येतात. सुरू होताना थोडा खडखडाट चालेल. मिनिटभर थरथर, गाडी चालताना सतत काळा धूर, किंवा निळसर धूर चालणार नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गार इंजिनात क्षणभर आला तर वाफ असते. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट.

सायलेन्सरच्या टोकात बोट घालून फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत टोक बऱ्यापैकी स्वच्छ असतं. बोट कोळशासारखं काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी आतून कापून काढलाय. कापलेला फिल्टर म्हणजे प्रदूषण तपासणीत नापास आणि अनेक देशांत गुन्हा. दुरुस्तीचं बिल तुमचं.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं. पातळी मात्र वरच्या खुणेच्या वर असेल तर सावध व्हा, ती कशाची खूण आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.

स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. डॅशबोर्डवरचे दिवे विझवता येतात, पण कॉम्प्युटरमधली आकडेवारी पुसणं अवघड जातं. त्याला चार गोष्टी वाचायला सांगा: काजळी किती भरली आहे, राख किती आहे, शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल कॉम्प्युटरला किती कमी-जास्त करावं लागतंय. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा असेल तर तो इंजेक्टर निवृत्तीला आला आहे. काजळी आणि राख यात गोंधळ करू नका. काजळी जळते, राख जळत नाही. ती मुख्यतः ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची असते आणि फिल्टर उतरवून साफ केल्याशिवाय जात नाही.

शेवटी एक उलटी वाटणारी गोष्ट. आठ वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर फक्त ३५,००० किलोमीटर, असं दिसलं की लोक हरखतात. मी दोन पावलं मागे सरतो. एवढी कमी चाललेली डिझेल बहुतेक छोट्या फेऱ्यांतच चाललेली असते, किंवा मीटर मागे फिरवलेलं असतं. सर्व्हिसचा पूर्ण कागद असलेली, हायवेवर पळालेली दीड लाख किलोमीटरची गाडी मला जास्त विश्वासाची वाटते. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मात्र त्या कागदात दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलेला बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

पायरी ६ : घेतली तर अशी चालवा

डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाच्या खुणेचा शब्दन्‌शब्द डब्यावर जुळवून घ्या. 'डिझेलसाठी चालतं' हे दुकानदाराचं वाक्य पुरेसं नाही. फेऱ्या छोट्या असतील तर कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच ऑइल बदला. वाचवायचंच असेल तर सीट कव्हरवर वाचवा.

गाडी उभी करताना फॅन जोरात चालू असेल, इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा जास्त असतील, जळल्यासारखा गरम वास येत असेल, तर रीजनरेशन सुरू आहे. शक्य असेल तर चावी काढू नका, दहा-पंधरा मिनिटांची एक फेरी मारून या. घाट चढून आल्यावर किंवा हायवेवर दामटल्यावर टर्बोला मिनिटभर शांत चालू द्या. वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर इंजिन ओढू नका, त्याने ॲव्हरेज वाढत नाही, काजळी आणि फ्लायव्हीलचे धक्के वाढतात.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी काढून घ्या. टाकी रोज काट्यावर आणू नका.

ॲडब्लूचा इशारा साधारण दोन-अडीच हजार किलोमीटर आधीच यायला लागतो, तो ऐका. ते संपलं तर चालती गाडी थांबत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. भरताना घाई नको. ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर नियम तोच, चावी फिरवायची नाही आणि गॅरेजला फोन करायचा.